पूलची शिकवणी : तीन शिक्षकांनंतरचे मत

पूल हा, काठीने पांढरा बॉल मारून त्याच्या धडकेने दुसरे बॉल टेबलाच्या पॉकेटांत घालण्याचा खेळ मी वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी सुरू केला. बँकेच्या विभागीय कार्यालयातील करमणूक कक्षात कोणीतरी हौसेने आठ फुटी टेबल आणून ठेवले होते आणि जेवणाच्या सुट्टीतील उरलेली वीस मिनिटे तिथे घालवण्याची मला सवय लागली. पहिल्या दोन वर्षांत खेळ आपोआप सुधारत गेला, पुढच्या तीन वर्षांत तो जागचा हलला नाही. जवळचे बॉल पडत होते, बेताचे कट, म्हणजे तिरके शॉट, जमत होते. पण पांढरा बॉल टेबलाच्या एका टोकाला आणि समोरचा बॉल दुसऱ्या टोकाच्या पॉकेटजवळ, सरळ रेषेत असला की तो हमखास हुकायचा, आणि विशेष म्हणजे दरवेळी एकाच बाजूला हुकायचा. शाखांच्या आपापसातील स्पर्धेत अगदी अशाच सरळ रेषेतल्या, शेवटी घालायच्या काळ्या बॉलवर मी उपान्त्यपूर्व सामना घालवला, तेव्हा आता कोणाकडून तरी रीतसर शिकले पाहिजे, असे ठरवले.

त्यानंतरच्या वर्षभरात मी पुण्यातील तीन शिक्षकांकडे शिकले. हे परीक्षण मुख्यतः तिसऱ्या शिक्षकांच्या शिकवणीचे आहे. पहिल्या दोघांचा उल्लेख तुलनेपुरता येईल. कोणाचेही नाव मी दिलेले नाही. पहिल्या दोघांची नावे देऊन त्यांची पोटापाण्याची वाट अडवण्याची माझी इच्छा नाही, आणि तिसऱ्या सरांनी नाव छापू नये असे स्वतःच सांगितले आहे, कारण त्यांच्याकडे आठवड्यातून जेमतेम तीन दुपारी मोकळ्या असतात. नावाशिवाय परीक्षण कसले, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की पुण्यात काय किंवा ठाण्यात काय, आपल्या गावात शिक्षक निवडताना पहिल्या तासात नेमके काय पाहावे, हे वाचणाऱ्याला कळले तर नावाची गरज फारशी उरत नाही.

शोध कुठून सुरू करावा हाच पहिला प्रश्न असतो. आपल्याकडची पूल पार्लर तासावर चालतात, हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे हा तिथला अलिखित नियम असतो, आणि त्यामुळे तिथे येणारा प्रत्येक जण जिंकायला येतो, शिकायला किंवा शिकवायला कोणी येत नाही. दारावर शिकवणीची पाटी असली तरी बहुतेक वेळा तिचा अर्थ एवढाच असतो की त्या पार्लरमधला सर्वांत चांगला खेळाडू मोकळा असेल तेव्हा पैसे घेऊन तुमच्याबरोबर खेळेल. दुसरीकडे पीवायसी हिंदू जिमखाना किंवा पूना क्लब यांच्यासारख्या जुन्या संस्था आहेत. तिथे या खेळाला खानदानी वातावरण आहे, परंतु ते मुख्यतः बिलियर्ड्स आणि स्नूकर या पूलच्याच जातकुळीतल्या, मोठ्या टेबलावरच्या खेळांचे, आणि सभासदत्वाशिवाय आत जाता येत नाही. जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा १९५८ आणि १९६४ मध्ये जिंकणारे विल्सन जोन्स याच पुण्यात जन्मले, बिलियर्ड्स-स्नूकरपटू पंकज अडवाणीचा जन्मही इथलाच, जरी तो घडला बंगळुरूमध्ये अरविंद सावूर यांच्या हाताखाली; तरीही पूल शिकवणारा माणूस या शहरात शोधावा लागतो, ही वस्तुस्थिती आहे. अमेरिकेत पूल शिकवणाऱ्यांची स्वतंत्र व्यावसायिक संघटना आहे आणि ती आपल्या शिक्षकांना प्रमाणपत्रे देते. आपल्याकडे पाटी लावण्यापूर्वी कोणीही काहीही विचारत नाही. त्यामुळे इथे शिकवणारे जवळजवळ सगळे स्नूकरमधून आलेले असतात, आणि या गोष्टीचे फायदेतोटे दोन्ही आहेत. त्यांविषयी पुढे लिहिते.

पहिले शिक्षक उत्तम खेळाडू होते. वय तिशीच्या आत, हात अतिशय सफाईदार, आणि राज्य पातळीवर खेळलेले. त्यांच्या तासात मी रॅक लावायची (बॉल त्रिकोणात रचायचे), ब्रेक करायचा (पहिल्या फटक्याने ते फोडायचे), एखादा बॉल घालायचा, आणि मग पुढची आठ-दहा मिनिटे त्यांचा खेळ पाहत उभे राहायचे, असा क्रम होता. ‘‘मॅडम, बघा, असा मारायचा,’’ हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्या वेळा ऐकले की घरी चपाती लाटतानाही ते कानात वाजत असे. मी एकदा मुद्दाम विचारले की कटचा शॉट घेताना तुम्ही नेमके कुठे पाहता. त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, ‘‘नजर बसली की कळतं.’’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते, कारण ते दहाव्या वर्षापासून खेळत होते आणि आपल्याला हे कधी कळले याची आठवण त्यांना राहिलेली नव्हती. परंतु एक्कावन्नाव्या वर्षी माझी नजर आपसूक बसण्याची शक्यता नव्हती. महिना संपला तेव्हा माझा सरळ शॉट पूर्वीसारखाच उजवीकडे हुकत होता.

दुसरे शिक्षक याच्या अगदी उलट टोकाचे निघाले. त्यांच्याकडे परदेशी प्रमाणपत्र होते, तिकाटण्यावर लावलेला कॅमेरा होता, आणि संगणकावर माझ्या कोपरातून, खांद्यातून आणि हनुवटीतून जाणाऱ्या रंगीत रेषा होत्या. बारा तासांचे पैसे आगाऊ घेण्याची त्यांची पद्धत होती. पहिल्याच तासात त्यांनी माझी क्यू, म्हणजे मारायची काठी, धरण्याची पकड बदलली, पायांतील अंतर बदलले, डाव्या हाताचा ब्रिज, म्हणजे क्यूला दिलेला बोटांचा आधार, बदलला, कोपर आत घ्यायला सांगितले आणि शॉटच्या आधी श्वास कसा सोडायचा तेही सांगितले. यांतली प्रत्येक सूचना कदाचित योग्य असेल, परंतु पाच गोष्टी एकदम बदलल्यावर चेंडू आत पडला तर कशामुळे पडला आणि हुकला तर कशामुळे हुकला, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय कोपर दाखवताना ते हात धरून दाखवत, आणि तसे करण्यापूर्वी विचारत नसत. मी एकदा स्पष्ट सांगितल्यावर त्यांनी ते थांबवले, हेही नमूद केले पाहिजे. तिसऱ्या तासाला त्यांनी मला एक महागडी क्यू घ्यायला लावली, जिच्या पुढच्या टोकाचे वजन मुद्दाम कमी ठेवलेले असते, जेणेकरून पांढऱ्या बॉलला साइड देऊन, म्हणजे मध्याच्या डाव्या-उजव्या बाजूला मारून फिरकी देऊन, मारले तरी तो आपल्या रेषेपासून कमी ढळतो. क्यू चांगलीच आहे. पण जिला मुळात साइड न देता मारता येत नव्हते, तिला ती घ्यायला लावणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला पोहण्याचा महागडा पोशाख देण्यासारखे होते. चौथ्या तासानंतर मी जाणे बंद केले. उरलेल्या आठ तासांचे पैसे परत मिळाले नाहीत.

तिसऱ्या सरांचा पत्ता मला एका पार्लरच्या मार्करने दिला. मार्कर म्हणजे रॅक लावणारा, वेळ लिहिणारा आणि कोणाला किती येते हे सर्वांत नीट माहीत असणारा मुलगा. मी एकटीच एका टेबलावर सरळ शॉटचा सराव करत होते. बराच वेळ पाहून तो म्हणाला, ‘‘काकू, तुम्ही सरांकडे जा. ते आधी बघतात आणि मग बोलतात.’’ शिक्षकाच्या गुणवत्तेचे इतके नेमके वर्णन मला नंतरही कोणाकडून ऐकायला मिळाले नाही.

सर साठी ओलांडलेले आहेत, कारखान्यातील नोकरीतून निवृत्त झालेले आहेत, आणि त्यांचे सारे आयुष्य स्नूकरमध्ये गेले आहे. पूल ते गेल्या काही वर्षांत शिकवू लागले, कारण शिकायला येणारी माणसे पूल खेळणारी असतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला अर्धा तास एकटीने खेळायला सांगितले आणि स्वतः खुर्ची ओढून कधी टेबलाच्या एका बाजूला, कधी समोर बसून राहिले. त्या अर्ध्या तासात त्यांनी एक शब्दही उच्चारला नाही. मग सगळे बॉल बाजूला काढले, फक्त पांढरा ठेवला, आणि तो टेबलाच्या मधल्या रेषेवरून समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारून सरळ परत आणायला सांगितले.

ही चाचणी जुनी आहे आणि स्नूकरवाल्यांच्या शिकवणीची ती बाराखडीच समजली जाते. पांढरा बॉल अगदी मध्यावर मारला गेला तर तो त्याच रेषेवरून परत येतो आणि क्यूच्या टोकाला येऊन भिडतो. तो मध्याच्या उजवीकडे लागला तर त्याला नकळत उजवी साइड मिळते आणि समोरच्या कुशनवरून तो उजवीकडे कलून परततो. माझा पांढरा बॉल दहापैकी नऊ वेळा वीतभर उजवीकडे परत आला. पाच वर्षे जे मला कळत नव्हते ते पाच मिनिटांत टेबलावर उमटले होते : मी प्रत्येक शॉटला न कळता उजवी साइड देत होते.

इथपर्यंत कोणीही बरा शिक्षक पोहोचला असता. यानंतर बहुतेकांनी माझे कोपर दुरुस्त करायला घेतले असते, जसे दुसऱ्या शिक्षकांनी घेतलेच होते. सरांनी मात्र मला पुन्हा खाली वाकायला सांगितले, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पांढऱ्या बॉलच्या उंचीवर डोळे आणून माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘‘ताई, चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का?’’

तो तसाच होता. चाळिशीनंतर अनेकांचा असतो : भिंगाच्या वरच्या भागात लांबचे, खालच्या भागात वाचण्याचे, आणि दोन्ही बाजूंच्या कडांना किंचित वाकडे दिसणारे पट्टे. माणूस उभा असताना या भिंगाची काही अडचण होत नाही. पण पूलच्या शॉटसाठी वाकल्यावर हनुवटी क्यूजवळ येते, चेहरा जमिनीकडे झुकतो, आणि डोळे मात्र समोर, म्हणजे चेहऱ्याच्या हिशोबाने पार वर पाहतात. नजर भिंगाच्या अगदी वरच्या काठावरून किंवा फ्रेमच्याही वरून जाते. बॉल स्पष्ट दिसावा म्हणून मी नकळत मान मागे घेत होते आणि चेहरा किंचित डावीकडे वळवत होते, त्यामुळे डोळे क्यूच्या रेषेवर राहत नव्हते. रेषा तिरकी दिसायची, शेवटच्या क्षणी हात ती आपल्या परीने सुधारायचा, आणि टिप, म्हणजे क्यूचे टोक, मध्याच्या उजवीकडे लागायची. दोष माझ्या हातात दिसत होता, पण तो तिथे जन्मलेला नव्हता. सरांनी मला चष्मा काढून दहा वेळा तोच शॉट मारायला लावला. समोरचे कुशन धूसर दिसत होते, तरी पांढरा सहा वेळा जवळजवळ सरळ परत आला.

मग त्यांनी डेनिस टेलर यांची गोष्ट सांगितली. १९८५ च्या जागतिक स्नूकर स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिसला शेवटच्या फ्रेमच्या, म्हणजे डावाच्या, शेवटच्या काळ्या बॉलवर १८-१७ असे हरवणाऱ्या टेलरचा तो उलटा बसवल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा जगभर चेष्टेचा विषय झाला होता. पण वाकल्यावरही नजर भिंगाच्या मधूनच जावी म्हणूनच तो तसा उंच बनवलेला होता. मी तसला चष्मा घातला नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या एका चष्मेवाल्याकडून फक्त लांबच्या नंबरची एकसंध भिंगे, जरा मोठी चौकट आणि नाकावर उंच बसणारे पॅड, असा खेळण्याचा वेगळा चष्मा अठराशे रुपयांत करून घेतला. त्या महागड्या क्यूच्या किमतीत असे किती चष्मे आले असते, याचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही.

चष्म्याने सगळे सुटले, असा गैरसमज होऊ नये. पाच वर्षांची सवय हाताला लागलेली होती आणि डोळे जागेवर आल्यावरही हात जुनीच दुरुस्ती करत राहिला. पहिले तीन आठवडे सरांनी मला फक्त स्ट्रोक, म्हणजे क्यू मागे नेऊन पुढे आणण्याची क्रिया, करायला लावला. घरी सरावासाठी त्यांनी दिलेला उपाय प्रत्येक जुन्या क्लबात माहीत असतो : जेवणाच्या टेबलावर रिकामी प्लॅस्टिकची बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडातून, कडांना स्पर्श न करता, क्यू आतबाहेर करायची. रोज पन्नास वेळा. पहिल्या आठवड्यात घरच्यांनी पुष्कळ थट्टा केली. नंतर मुलानेच स्वतःहून बाटली जागेवर ठेवायला सुरुवात केली. पकड सैल, कोपराखालचा हात लोलकासारखा, मागे नेल्यावर क्षणभर विराम, आणि चेंडू गेल्यावरही क्यू पुढे जाऊन थांबलेली, एवढ्याच चार गोष्टी, आणि त्याही एकेक करून. दुसरी गोष्ट पहिली पक्की झाल्याशिवाय ते उघडत नाहीत. चुकीच्या ठिकाणी हात असेल तर ते खडूचा तुकडा त्या जागेच्या जवळ धरून दाखवतात, हात लावत नाहीत.

चौथ्या आठवड्यापासून बॉलवर काम सुरू झाले, आणि इथे सरांची शिकवण्याची खरी ताकद दिसते, असे माझे मत आहे. पहिल्या शिक्षकांनी ज्याला ‘नजर बसणे’ म्हटले होते, त्याचे सरांनी मोजता येतील असे तुकडे केले. सरळ शॉटला पांढरा धडकेच्या क्षणी न फिरता घसरत पोहोचला पाहिजे, म्हणजे तो जागच्या जागी थांबतो. अंतर वाढले की त्याला मध्याच्या खाली मारावे लागते, कारण वाटेत कापडाच्या घर्षणाने उलटी फिरकी संपत जाते. किती खाली, हे टेबलाच्या लांबीनुसार प्रत्येकाने स्वतः शोधायचे. कट असेल आणि पांढरा असाच न फिरता पोहोचला, तर धडकेनंतर तो समोरच्या बॉलच्या वाटेशी काटकोन करून निघतो. तो नैसर्गिकरीत्या घरंगळत पोहोचला आणि धडकेच्या क्षणी समोरच्या बॉलचा साधारण पाव ते पाऊण भाग त्याच्या आड आला, तर तो आपल्या मूळ दिशेपासून सुमारे ३० अंशांनी वळतो. हे शेवटचे सूत्र त्यांनी मला पहिली दोन बोटे ताणून दाखवत शिकवले : एक बोट पांढऱ्याच्या रेषेवर, दुसरे जिथे तो जाणार तिथे. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील यांत्रिकी अभियांत्रिकी शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोर यांनी ही सगळी गणिते वेगवान कॅमेऱ्याने चित्रित करून सर्वांना पाहायला मोकळी ठेवली आहेत, आणि सरांनी ती पाहिलेली आहेत. साठीनंतर मोबाइलवर इंग्रजी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहणारा शिक्षक मला विश्वासार्ह वाटतो.

नेम धरण्याबाबत त्यांची पद्धत अगदी साधी आहे. पॉकेटच्या रेषेत, समोरच्या बॉलला चिकटून एक दुसरा बॉल ते प्रत्यक्ष ठेवतात, आणि ‘पांढरा इथे पोहोचला पाहिजे’ असे सांगून तो उचलून घेतात. उरलेला रिकामा भाग पाहत शॉट मारायचा. अर्धा बॉल झाकला गेला की समोरचा बॉल पांढऱ्याच्या वाटेशी ३० अंशांत निघतो, हे एकदा डोळ्यांत बसले की बाकीचे कट त्याच्या मागेपुढे मोजता येतात. त्यातही एक बारकावा असा की दोन बॉल घासल्यामुळे समोरचा बॉल अपेक्षित वाटेपेक्षा किंचित ओढला जातो, आणि बॉल मळके असतील तर जास्तच. म्हणून तासाच्या सुरुवातीला सर पिशवीतून स्वच्छ फडके काढून सगळे बॉल स्वतः पुसतात. पार्लरमध्ये हे कोणी करत नाही; चटणीच्या बोटांनी हाताळलेल्या बॉलवर नेमाचा अभ्यास आपण वर्षानुवर्षे करत राहतो. पावसाळ्यात कापड दमट होऊन बॉल जड चालू लागले, तेव्हाही त्यांनी सराव थांबवला नाही. त्या दोन महिन्यांत ताकदीचे शॉट कमी आणि जवळचे जास्त, असा बदल मात्र केला.

प्रगती मोजण्यासाठी त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला लावली. प्रत्येक तासाच्या शेवटी दोनच आकडे त्यात लिहायचे असतात. पहिला, लांबच्या सरळ रेषेतील दहा शॉटपैकी किती पडले आणि पांढरा जागेवर थांबला. दुसरा, टेबलावर तीन बॉल कुठेही टाकून, पांढरा हवा तिथे ठेवून, न चुकता तिन्ही घालायचे. अशा दहा प्रयत्नांत किती जमले. पहिल्या दिवशी माझे आकडे तीन आणि शून्य होते. चार महिन्यांनंतर ते सात आणि चार आहेत. मध्ये एक पंधरवडा असा गेला की दोन्ही आकडे खाली आले, आणि सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त तारखेखाली रेघ मारली. नंतर कळले की नवी गोष्ट हातात उतरताना जुनी बिघडते, हे त्यांना अपेक्षित होते. मला आधी सांगितले असते तर मी उगाच दोन रात्री चडफडले नसते. तीन बॉलच्या त्या खेळात ते नेहमी शेवटच्या बॉलपासून मागे विचार करायला लावतात : काळा कुठून घ्यायचा आहे, त्यासाठी त्याच्या आधीचा बॉल कोणता असावा, आणि तिथे पोहोचायला आत्ताचा शॉट जोरात की हळू. आठ बॉलच्या खेळात मी पूर्वी सोपे बॉल आधी संपवून अवघड मागे ठेवत असे. ती सवय या एका प्रश्नाने मोडली.

आता उणिवा. सर मुळात स्नूकरचे आहेत आणि ते लपत नाही. स्नूकरचे टेबल १२ फुटी, बॉल ५२.५ मिलिमीटरचे, पॉकेटची तोंडे गोलाईची आणि क्यूची टिप बारीक. पूलचे बॉल ५७.१५ मिलिमीटरचे, टेबल लहान, टिप जाड. बारा फुटांवर सरळ मारायला शिकवणाऱ्या माणसाकडून सरळ मारणे शिकावे, यात वाद नाही, आणि पूलपुरतेच शिकलेल्या शिक्षकापेक्षा या बाबतीत ते मला सरस वाटले. परंतु ब्रेक त्यांना आवडत नाही. पंधरा बॉल फोडणारा जोरदार ब्रेक त्यांच्या लेखी ‘धक्काबुक्की’ आहे आणि त्यावर त्यांनी चार महिन्यांत एकही पूर्ण तास दिला नाही. दोन कुशनवरून पांढरा नेऊन अडलेला बॉल गाठण्याचे शॉट, रेलवरच्या, म्हणजे टेबलाच्या कडेवरच्या, खुणा मोजून काढायचे, तेही ते वरवरच शिकवतात. ज्यांना नऊ बॉलच्या स्पर्धा खेळायच्या आहेत, जिथे ब्रेकवर आणि अशा शॉटवर अर्धा सामना असतो, त्यांना ही शिकवणी अपुरी पडेल. मी स्वतः या वर्षीच्या शाखांच्या स्पर्धेत उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले आणि तिथे दोन वेळा ब्रेकवर पांढराच पॉकेटमध्ये घालून हरले. हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी थोडा वेळ विचार करून आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला पुढच्या महिन्यापासून दोन तास माझ्यासाठी बोलावले आहे. आपल्याला जे येत नाही ते दुसऱ्याकडे सोपवणारा शिक्षक मी या वर्षभरात दुसरा पाहिला नाही.

बाकीच्या तक्रारी किरकोळ, पण त्रासदायक आहेत. तासाला सहाशे रुपये फी आणि टेबलाचे अडीचशे वेगळे. पैसे रोख, पावती नाही. वेळ पाळण्यात सर काटेकोर आहेत, पण तास संपल्यावर जुन्या स्पर्धांच्या आठवणी सुरू झाल्या की अर्धा तास सहज जातो, आणि पुढचा विद्यार्थी ताटकळतो. एकदा मीही ताटकळले आहे. क्लब तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. स्त्रियांसाठीच्या स्वच्छतागृहाची किल्ली व्यवस्थापकाकडे असते आणि ती मागावी लागते. सिगारेट ओढणारे खाली जातात असे म्हणतात, पण धूर वर येतोच. संध्याकाळी सहानंतर कॉलेजची मुले येतात आणि शेजारच्या टेबलांवर आरडाओरडा असतो. म्हणून सरांचे तास दुपारी तीन ते सहा, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार. नोकरी करणाऱ्याला शनिवार सोडला तर ते सोयीचे नाहीत. मी दोन गुरुवार अर्धी रजा टाकून गेले, एवढे सांगितले म्हणजे माझे मत कळेल.

त्यांच्याकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी त्या मार्करला विचारावे; बँकेच्या शाखेत मला भेटल्यास मीही पत्ता देईन. चष्मा असेल तर रोजचा आणि वाचायचा दोन्ही बरोबर न्यावेत, कारण ते दोन्ही घालून वाकायला लावतात. दोनशे पानी वही सोबत असावी. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे, वर मिळत नाही. रिकामी झालेली बाटली मात्र टाकू नये, तिचे काम घरी आहे.